विंडोजचा प्रारंभ मंदावल्यास कारण कसे शोधावे

विंडोज सुरू होण्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागू लागला, की टास्क मॅनेजरमधील 'स्टार्टअप' यादी उघडून दिसेल ते बंद करण्याकडे कल असतो. वेळ नेमका कोठे जातो हे न पाहता केलेली ही काटछाट बहुधा भलत्याच जागी होते. प्रारंभाची मोजणी विंडोज स्वतःच नोंदवत असल्याने ती आधी वाचावी.

त्यापूर्वी एक बाब ध्यानात घ्यावी. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आहे. ती चालू असताना 'शट डाउन' केल्यास वापरकर्त्याचे सत्र संपते, परंतु कर्नलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याची, त्या वेळची स्थिती डिस्कवरील हायबरनेशन फाइलमध्ये साठवली जाते आणि पुढच्या वेळी तेथूनच उचलली जाते. रोज बंद केल्या जाणाऱ्या संगणकाचा 'अप टाइम' (सलग चालू असल्याचा काळ) कित्येक दिवसांचा दिसतो, तो यामुळेच. 'रीस्टार्ट' केल्यास मात्र कर्नल नव्याने सुरू होतो, म्हणून तपासणी त्यानंतरच करावी.

आता विंडोजमधील नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर व्यवस्थापकाच्या (ॲडमिनिस्ट्रेटर) अधिकाराने उघडून 'ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स' या क्रमाने 'ऑपरेशनल' नोंदवहीपर्यंत जावे. १०० क्रमांकाच्या नोंदीत प्रारंभाचा एकूण वेळ मिलिसेकंदांत असतो. तपशिलात त्याचे दोन भाग सापडतात: डेस्कटॉप दिसेपर्यंतचा आणि त्यानंतर यंत्रणा स्थिरावेपर्यंतचा. पहिला भाग मोठा असेल तर ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम) व सेवा (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम) संशयित ठरतात आणि स्टार्टअप यादीशी खेळून काही साधत नाही. दुसरा मोठा असेल तर लॉगिननंतर सुरू होणाऱ्या प्रोग्रामांकडे पाहावे. १०१ क्रमांक प्रोग्रामचा, १०२ ड्रायव्हरचा आणि १०३ सेवेचा विलंब नावानिशी सांगतो. एकाच नोंदीवर विसंबू नये, कारण अपडेटनंतरचा पहिला प्रारंभ तसाही लांबतो.

दोषी घटक टास्क मॅनेजरमध्ये न दिसल्यास मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातील 'ऑटोरन्स' वापरावे; आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी ते दाखवते. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्या, की यादी आवाक्यात येते. नोंद पुसून टाकू नये, केवळ तिच्यापुढील खूण काढावी, म्हणजे ती पूर्ववत करता येते. आणि एका वेळी एकच बदल करून पुन्हा रीस्टार्ट करावे. बंद केलेला प्रोग्राम काही दिवसांनी परत उगवला, तर त्याचा अपडेटर टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामे चालवणारी विंडोजची सोय) आहे का, हे पाहावे.