बुडालेल्या बेटांच्या खुणा ओहोटीच्या वेळी कशा ओळखाव्यात

जर्मनीच्या उत्तर फ्रिसिया किनाऱ्यालगत ओहोटीच्या वेळी चिखल-वाळूची विस्तीर्ण जमीन उघडी पडते. जानेवारी १३६२ मधील उधाणात येथील रुंगहोल्ट ही वस्ती नष्ट झाली आणि ऑक्टोबर १६३४ मधील उधाणाने स्ट्रांड हे मोठे बेट फोडले; पेलवोर्म आणि नॉर्डस्ट्रांड हे त्याचेच उरलेले भाग आहेत.

या चिखलात जायचे ते परवानाधारक वाटाड्यासोबतच आणि पाणी ओसरत असतानाच, कारण भरतीचे पाणी प्रथम आपल्या मागच्या खोलगट ओहोळांत शिरते आणि परतीची वाट आधी तुटते. हा प्रदेश राष्ट्रीय उद्यानात मोडतो व त्यातील काही भागांत प्रवेशबंदी असते, हेही निघण्यापूर्वी तपासावे.

तेथे वस्तू शोधण्याऐवजी रेषा शोधाव्यात. नैसर्गिक ओहोळ नागमोडी वाहतात. म्हणून समांतर, सरळ, गडद पट्टे दिसले, तर ते बहुधा जुन्या शेतांचे चर असतात. गवताळ मातीच्या ढेकळांनी बांधलेले वर्तुळ म्हणजे विहिरीचा तळ. तिच्याभोवतीची मूळ जमीन लाटांनी केव्हाच वाहून नेलेली असते. ओबडधोबड खड्डे दिसल्यास तेथून खारे पीट, म्हणजे दलदलीतील कुजलेल्या वनस्पतींचा थर, मिठासाठी खणून काढले गेले असण्याची शक्यता धरावी. या खणण्याने आणि पाण्याच्या निचऱ्याने जमीन खाली गेली व समुद्राला आत येणे सोपे झाले. माझ्या मते या किनाऱ्याची सर्वांत बोलकी खूण म्हणजे हे खड्डेच.

एकाच जागी पुन्हापुन्हा जाणे सर्वांत फलदायी ठरते. नॉर्डस्ट्रांडचे शेतकरी आंद्रेआस बुश यांनी १९२१ पासून ज्युडफाल या छोट्या बेटाजवळ उघड्या पडणाऱ्या अवशेषांच्या चिकाटीने नोंदी केल्या. त्याच परिसरात संशोधकांनी चुंबकीय मोजणी करून चिखलाखालचा सुमारे ४० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद चर्चचा पाया शोधल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. डोळ्यांना तेथे काहीच दिसत नव्हते.

काही सापडल्यास ते उपटू नये. भिजलेले लाकूड हवेत वाळताच तडकते आणि वस्तू जागेवरून हलली, की ती कोणत्या घराची वा बांधाची, हे सांगणारा पुरावाच संपतो. मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, अक्षांश-रेखांश व तारीख टिपावी आणि श्लेस्विग येथील राज्य पुरातत्त्व कार्यालयाला ताबडतोब कळवावे. कायद्यानेही ते बंधनकारक आहे. पुढच्या वादळापर्यंत तो अवशेष टिकेलच असे नाही, त्यामुळे हे काम त्याच दिवशी करावे.