गोलकीपरच्या या चुका टाळा: हात नव्हे, पाय चुकतात

आपल्याकडे फुटबॉलमध्ये गोल खाल्ला की मैदानाबाहेरून निकाल लागतोच, ‘लेकराचे रिफ्लेक्स स्लो हायेत.’ मग ते लेकरू मोबाइलवर रिअ‍ॅक्शनचं अ‍ॅप घेऊन बसतं. बोट चपळ होतं, गोल तेवढेच बसतात.

हिशेब बघा. ताशी 100 किलोमीटरचा फटका पेनल्टीच्या 11 मीटरवरून साधारण 0.4 सेकंदात पोचतो. त्यातले 0.2 तर नजरेनं टिपून अंग हलेपर्यंतच जातात. उरलेल्या वेळात तुम्ही कुठं आणि कसे उभे आहात, एवढंच कामाला येतं.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे फटका बसताना पळत असणं. जालन्यातल्या एका शालेय सामन्यात उंचपुरा कीपर फॉरवर्डच्या अंगावर धावत सुटला. फॉरवर्डनं नुसत्या चवड्यानं चेंडू ढकलला. इतका हळू, की पाचवीतल्या पोरानं अडवला असता. पण कीपरचा उजवा पाय हवेत, सगळा भार डाव्यावर, आणि चेंडू त्याच डाव्या घोट्याला खेटून आत. बाकावरून ओरडा काय? ‘हात घाल ना रे!’ हात घालणार कसा? समोरच्यानं पाय मागं नेला की असाल तिथं थांबा. बारीकशी उडी, दोन्ही चवडे जमिनीवर, गुडघे सैल. अर्ध्या वाटेत असलात तरी थांबाच.

दुसरी चूक, रेषेला चिकटून उभं राहणं. गोल 7.32 मीटर रुंद. चेंडू समोर 16 मीटरवर असताना तुम्ही 3 मीटर पुढं आलात, तर झाकायची रुंदी सहाच्या आत येते. माझ्या पिशवीत कायम सुतळी असते. दोन्ही खांबांना बांधून टोकं चेंडूपाशी आणतो आणि कीपरला त्या त्रिकोणात उभं करतो. ‘सर, डाइव्ह कधी शिकवणार?’ हे विचारणाऱ्यालाच सुतळी धरायला लावतो. मात्र फार पुढं गेलात तर चेंडू डोक्यावरून जाईल.

डाइव्हची घाई तर नकोच. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीवर कोपरं सोलून निघतात आणि पोरगं पुढं पडायलाच भितं. आधी वाळूवर, गुडघ्यावर बसून.

अडवलेला चेंडू मध्ये ढकलू नका, बाजूला काढा.

पेनल्टीला किक बसेपर्यंत एका पायाचा थोडा तरी भाग रेषेवर, रेषेच्या वर हवेत किंवा रेषेच्या मागं हवा.

संध्याकाळी ऊन डोळ्यावर येत असेल तर टोपी घाला. नियमात बसते.