‘न्यूज’चा फुल फॉर्म शोधू नका

लातूर-नांदेडच्या क्लासमधल्या झेरॉक्स नोट्स असोत की गावच्या ग्रुपवरचे सकाळचे मेसेज, एक वाक्य हमखास सापडतं: नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची पहिली अक्षरं जोडून ‘न्यूज’ शब्द झाला. हे साफ चूक आहे. ‘न्यू’ म्हणजे नवं, त्याचं अनेकवचन ‘न्यूज’. नव्या गोष्टी, नवलविशेष. एवढंच.

परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत सामान्यज्ञान स्पर्धेला मला बोलावलं होतं. ‘न्यूजचा फुल फॉर्म सांगा’ असा प्रश्न आला. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, त्याला फुल फॉर्म नाहीच.” तिला शून्य. चार दिशा घडाघडा म्हणणाऱ्या पोराला टाळ्या आणि पूर्ण गुण. ती खाली बसता बसता पुटपुटली, “कामून चूक?” मला राहवलं नाही. प्रश्न विचारणाऱ्या शिक्षकांना गाठलं, तर ते म्हणाले, “गाइडात असंच छापलंय की, सर.” शेवटी कुलूपबंद कपाटातली मोठी डिक्शनरी काढायला लावली आणि ‘न्यूज’ची नोंद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. मुलीला गुण मिळाले. गाइड मात्र पुढच्या वर्षीही तीच थाप घेऊन बाजारात आलं.

डिक्शनरी हाताशी नसली तरी थोडं डोकं चालवा. जुन्या इंग्रजी लिखाणात हाच शब्द ‘एन-ई-डब्ल्यू-ई-एस’ असाही लिहिलेला आहे. मग मधला दुसरा ‘ई’ कोणत्या दिशेचा? शब्द १४व्या-१५व्या शतकापासूनचा. लंडनमध्ये छापील बातमीपत्रं निघाली १६२०च्या दशकात, म्हणजे शब्द त्यांच्याही आधीचा. फ्रेंचमध्ये बातम्यांना ‘नुव्हेल’ म्हणतात, त्याचाही अर्थ नव्या गोष्टी, आणि त्यात कोणत्याच दिशा बसत नाहीत. आद्याक्षरं जोडून शब्द घडवायची पद्धत खरी रुळली २०व्या शतकात. त्याआधीची उदाहरणं अगदी मोजकी. ‘ओके’ त्यातलंच एक: १८३९मध्ये बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात ‘ऑल करेक्ट’चं मुद्दाम बिघडवलेलं स्पेलिंग घेऊन ते छापून आलं. त्याला छापील पुरावा आहे. ‘न्यूज’च्या दिशांना काय आहे?

माझी सवय सांगतो. कोणी फुल फॉर्म सांगितला की मी आधी विचारतो, हा शब्द पहिल्यांदा कधी लिहिलेला सापडतो आणि तेव्हा त्याचं स्पेलिंग काय होतं? याला दोन मिनिटं लागतात. पण ज्यांना रात्रीत पाठ करून सकाळी पेपर लिहायचा असतो, त्यांना ती दोन मिनिटंही जड जातात. त्यांच्याच घाईवर अशा नोट्स खपतात.

दुसरी चूक अभिमानापोटी होते: ‘न्यू’ आपल्या ‘नव’वरून गेला. गेला नाही. ‘नव’, फारसी ‘नौ’, लॅटिन ‘नोव्हुस’, इंग्रजी ‘न्यू’ ही एकाच आईची लेकरं. या भाषांचं मूळ एक असावं, हे भाषांचा अभ्यासक विल्यम जोन्सने १७८६मध्ये कलकत्त्यातल्या भाषणात मांडलं होतं. आवाज जुळला म्हणून एकीला दुसरीची आई करू नका.

‘टिप’ आणि ‘पॉश’ यांचे फुल फॉर्मही असेच बनावट. ऐकले की सोडून द्या.

आता वहीतल्या चुका. ‘अ न्यूज’ लिहू नका. एकच बातमी असेल तर ‘अ पीस ऑफ न्यूज’ किंवा ‘अ न्यूज आयटम’. ‘न्यूजेस’ असा शब्दच नाही. शेवटी ‘एस’ दिसला की मुलं अनेकवचन समजून ‘आर’ हे क्रियापद लावतात. १६व्या-१७व्या शतकात इंग्रजही कधी एकवचनी, कधी अनेकवचनी क्रियापद लावत. आज फक्त ‘इज’ चालतं. ‘न्यूजपेपर’ मात्र मोजता येतो, तिथे ‘अ’ बिनधास्त लावा.