"मला पक्कं आठवतंय" ही खात्री तपासायची कशी

एखादा प्रसंग डोळ्यासमोर लख्ख दिसतो, कोण कुठे बसलं होतं इथपर्यंत सगळं आठवतं, म्हणजे तो तसाच घडला असणार असं आपण धरून चालतो, आणि कितीतरी वाद यावरूनच पेटतात कारण समोरच्यालाही तेवढंच पक्कं आठवत असतं. कॉन्फिडन्सला काही अर्थ नाही असं मी म्हणत नाहीये हां, तो चांगला कामाचा असतो. फक्त तो कधीचा आहे हे बघायला पाहिजे, पहिल्या क्षणाचा की दहा जणांना सांगून झाल्यावरचा.

२८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान आकाशात फुटलं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की ही बातमी तुम्हाला कुठे, कोणाकडून, कशी कळली. साधारण अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच परत विचारलं. जुन्या कागदाशी ताडून ७ पैकी मार्क दिले तर सरासरी ३ सुद्धा नाही, ११ जणांना तर शून्य, आणि खात्रीचे मार्क मात्र ५ पैकी सरासरी ४ च्या वर! त्याहून मला हलवून टाकणारी गोष्ट ही की स्वतःच्याच अक्षरातला कागद समोर ठेवला तरी मूळ आठवण काही परत आली नाही.

असं होतं कारण खात्री वाटते ती मुख्यतः आठवण किती सहज येते आणि किती स्पष्ट दिसते त्यावरून, आणि एखादी गोष्ट चार वेळा सांगितली की ती पाचव्यांदा सहज येणारच, मग ती चुकीची का असेना. त्यात कोणी "बरोबर ओळखलंस" म्हणालं की झालंच. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ मध्ये हे दाखवलं. लोकांना व्हिडिओ दाखवला, मग फोटोंमधून गुन्हेगार ओळखायला सांगितलं आणि त्या फोटोंमध्ये तो नव्हताच. ज्यांना नंतर शाबासकी मिळाली ते सांगायला लागले की आम्हाला तेव्हाच खात्री होती, चेहराही नीट दिसला होता. म्हणजे खात्री तर वाढलीच, पण ती आधीपासून होती अशी आठवणही तयार झाली.

म्हणून पहिलं काम हे करा. महत्त्वाचं काही घडलं, अपघात म्हणा, मीटिंगमधला शब्द म्हणा, डॉक्टरांनी सांगितलेलं म्हणा, की कोणाशी बोलायच्या आधी आणि ग्रुपवर टाकायच्या आधी मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. स्वतः पाहिलं-ऐकलं ते वेगळं, अंदाजाने जोडलं ते वेगळं, आणि प्रत्येकापुढे खात्रीचा आकडा, ६० टक्के, ८० टक्के, जे खरंच वाटतंय ते. साक्षीदारांवरच्या अभ्यासातही असंच दिसतं, ओळखपरेड नीट घेतली असेल तर पहिल्याच वेळी सांगितलेली खात्री बऱ्यापैकी विश्वासाची असते आणि पहिल्या वेळची चाचरत दिलेली उत्तरं धोक्याची. त्यामुळे दुसरा कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर "आता किती खात्री आहे" विचारून फार काही हाती लागत नाही, "पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा किती होती, आणि तेव्हा कुठे लिहिलं होतंस का" हे विचारा.

निर्णयांचंही तसंच, फक्त इथे वही थोडे महिने चालवावी लागते. "हे काम शुक्रवारपर्यंत होईल, ८० टक्के" असं लिहायचं, तारीख टाकायची आणि निकाल लागला की पुढे नोंदवायचं. हवामानवाल्यांनी हेच केलंय, अमेरिकेत १९६५ पासून पावसाचा अंदाज टक्क्यांत देतात आणि रोजच्या रोज उत्तर कळत असल्यामुळे त्यांचे टक्के बरेच खरे उतरतात. मार्क द्यायचे असतील तर ग्लेन ब्रायर यांची १९५० ची सोपी पद्धत आहे, घडलं तर १, नाही घडलं तर ०, त्यातून तुमचा अंदाज वजा करायचा आणि वर्ग करायचा. ९० टक्के म्हणजे ०.९ म्हणालात आणि घडलं तर ०.०१, नाही घडलं तर थेट ०.८१. सरासरी जितकी कमी तितकं चांगलं. पुरेशा नोंदी झाल्या की ९० वाल्या सगळ्या एकत्र काढून बघा, दहातल्या नऊ खऱ्या निघाल्या तर ठीक, सहाच निघाल्या तर तुमचं ९० म्हणजे खरंतर ६० आहे आणि पुढच्या वेळी पैसे किंवा शब्द देताना तेवढंच धरा.

निर्णय पक्का करायच्या आधी मी कुठे चुकत असेन याचं एक तरी कारण लिहायचंच. बाजूची कारणं आपोआप सुचतात, विरुद्ध कारणं मुद्दाम शोधावी लागतात आणि ती शोधली की आकडा जमिनीवर येतो.

अभ्यास करणाऱ्यांनो, तुमच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. धडा परत परत वाचला की येतंय असं वाटतं, पण रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात नुसतं वाचणाऱ्यांना जास्त खात्री होती आणि आठवड्याने आठवलं मात्र त्यांना कमी, पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून "मला येतंय का" हे वाचून संपल्या संपल्या ठरवू नका, थोडा वेळ जाऊ द्या, पुस्तक बंद ठेवा आणि मग ठरवा.

आणि वहीत ९५ लिहून चुकलेल्या ओळी दिसल्या की त्या खोडू नका प्लीज. जिथे जास्त खात्री होती तिथली चूक कळली की बरोबर उत्तर जास्त चांगलं डोक्यात बसतं, हे बटरफिल्ड आणि मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवलंय, बहुतेक धक्का बसल्यामुळे लक्ष जास्त जातं. पण बरोबर उत्तर विसरलं तर जुनी चूक परत येऊ शकते, त्यामुळे तिथल्या तिथे बरोबर उत्तर शेजारी लिहा आणि आठवड्याने ते झाकून स्वतःला परत एकदा विचारा.