बाळंतपणानंतर पेल्विसचे सांधे दुखतात? घरी करायची फिजिओथेरपी

कूस बदलताना दोन्ही जांघांच्या मधोमध कळ येते, कपडे घालायला एक पाय उचलला की कमरेखाली एका बाजूला खुपतं, थोडं चाललं की पाय जड होतो. बाळंतपणानंतर असं होत असेल, तर दुखणं बहुतेक वेळा कमरेच्या मणक्यांचं नसतं, पेल्विसच्या, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याच्या, सांध्यांचं असतं. यातले दोन सांधे मागे आहेत, कमरेखाली जिथे खळ्या दिसतात तिथे. तिसरा पुढे, जघनाच्या हाडात, म्हणजे ओटीपोटाच्या खाली मधोमध लागणाऱ्या हाडात. गरोदरपणात संप्रेरकांमुळे या सांध्यांचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडं बांधणारे पट्टे, सैल होतात. पुढच्या सांध्यातली फट एरवी ४-५ मिलिमीटर असते, ती २-३ मिलिमीटरने वाढणं स्वाभाविक आहे. १० मिलिमीटरच्या पुढे गेली तर सांधा फाकला असं धरतात, आणि मग घरगुती व्यायामावर न राहता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं लागतं.

अस्थिबंध पुन्हा आवळेपर्यंत सांधे धरून ठेवायचं काम स्नायूंचं असतं: पोटाचा सर्वांत आतला थर, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि कुल्ल्यांचे स्नायू. गरोदरपणात ताणले गेल्यामुळे नेमके हेच ढिले पडलेले असतात. म्हणून मांड्या फाकवून ताण देणारे व्यायाम इथे उलटे पडतात. दुखरी जागा मोकळी करावीशी वाटते हे खरं, पण आधीच सैल असलेला सांधा आणखी ताणून काय मिळणार?

आधी एक चाचणी

उताणं झोपा, पाय सरळ, टाचांमध्ये वीतभर अंतर. गुडघा न वाकवता एक पाय साधारण २० सेंटीमीटर उचला, मग दुसरा. प्रत्येक पायाला ० ते ५ गुण द्या: सहज उचलला तर ०, उचलताच आला नाही तर ५. आता कुणाला तरी दोन्ही हातांनी खुब्यांवर बाजूंनी आत दाब द्यायला सांगा आणि पुन्हा उचला. पाय लगेच हलका वाटला, तर स्नायूंची पकड कमी पडते आहे आणि पुढचे व्यायाम व पेल्विसभोवती बांधायचा बेल्ट यांचा फायदा होण्याची शक्यता चांगली आहे. गुण लिहून ठेवा, दर दोन आठवड्यांनी पुन्हा पाहा.

बेल्ट बहुतेक जणी फार वर बांधतात. जागच्या जागी पावलं टाका आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला हाताला हलणारं हाड शोधा. बेल्ट त्याच्या लगेच वर, पुढून जघनाच्या हाडावरून जायला हवा. कमरेवर बांधला तर सांधा धरला जात नाही, उलट पोटातला दाब खाली ओटीपोटाच्या तळावर येतो. चालताना आणि उभ्याची कामं करताना दोन-तीन तास बांधा, झोपताना काढा. बांधल्यावर पाय उचलणं सोपं झालं नाही, तर जागा किंवा घट्टपणा बदलून पाहा. सिझेरियनच्या टाक्यांवर तो घासू देऊ नका.

व्यायाम, याच क्रमाने

पहिला दिसायला अगदी किरकोळ आहे, पण बाकी सगळे त्याच्यावर उभे आहेत. गुडघे वाकवून उताणं झोपा. कमरेच्या पुढच्या टोकदार हाडांपासून दोन बोटं आत आणि जरा खाली बोटांची टोकं ठेवा. श्वास सोडताना लघवी आणि गॅस दोन्ही एकदम रोखल्यासारखे स्नायू आत-वर ओढा. बोटांखाली पोट हलकेच घट्ट झालं पाहिजे. ते बोटांना वर ढकलत असेल तर जोर जास्त होतोय किंवा श्वास कोंडलाय. ५ सेकंद धरा, तेवढीच विश्रांती घ्या. १० वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नका. लघवीची नळी काढल्यावर आणि त्रास होत नसेल तर पहिल्या काही दिवसांतच सुरू करता येतो.

मग गुडघ्यांमध्ये घडी केलेला टॉवेल धरून हलकेच दाबा, ५ सेकंद, १० वेळा. पुढच्या सांध्यात कळ आली तर जोर निम्मा करा.

हे दोन्ही विनात्रास जमले की टॉवेल तसाच ठेवून कुल्ले चार-पाच इंच उचला, ५ सेकंद, ८ वेळा. मांडीच्या मागे पेटका आला तर टाचा कुल्ल्यांच्या जवळ घ्या. सिझेरियन झालं असेल तर हा व्यायाम सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर.

करताना दुखणं १० पैकी ३ पर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते पूर्वपदावर आलं पाहिजे. वाढवताना एका वेळी एकच गोष्ट वाढवा, वेळ किंवा संख्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या एका अभ्यासात बाळंतपणानंतरच्या स्त्रियांना अशा पकड वाढवणाऱ्या व्यायामांचा वीस आठवड्यांचा कार्यक्रम दिला होता. तेव्हा पंधरवड्यात फरक नाही म्हणून सोडून देऊ नका.

उठबस

व्यायाम दिवसातून अर्धा तास होतो, कूस मात्र रात्रभर बदलावी लागते. गुडघे वाकवा, मध्ये उशी धरा, श्वास सोडत पोट आत घ्या आणि खांदे, कंबर, गुडघे एकदमच वळवा. आधी वरचं अंग वळवून पाय मागून ओढले की सांध्याला पीळ बसतो. उठताना कुशीवर या, दोन्ही पाय जोडीने खाली सोडा, हातांनी रेटून बसा. कपडे बसून घाला. गाडीत आधी बसा, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. जिना एकेक पायरी: चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

बाळाला एकाच बाजूला कडेवर घेऊ नका, खुबा बाहेर निघून सगळा भार एका सांध्यावर येतो. छातीशी घ्या. पाजताना पाठीला टेका, पावलं जमिनीवर, आणि उशीवर बाळालाच वर आणा, तुम्ही वाकू नका.

ताप, पायावर अजिबात भार न पेलणं, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं, यातलं काहीही असेल तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. धावणं आणि उड्या १२ आठवड्यांच्या आत नकोत. त्यानंतरही आधी प्रत्येक पायावर १० सेकंद न दुखता उभं राहता यायला हवं आणि अर्धा तास चालून दुसऱ्या दिवशी त्रास व्हायला नको.