मोमेंटवरच्या जुन्या कोडला एजंट लावलाय? सूचनांची फाइल आधी तपासा

नांदेड-परभणीकडची बरीच पोरं सध्या विचारायलीत की जुन्या कोडच्या मेंटेनन्सचं काम मिळालंय, एजंट (स्वतः कोड लिहिणारा-बदलणारा एआय) वापरायला सांगितलंय, तर सूचनांची फाइल कशी लिहावी. लिहायचं कसं ते कुणीही सांगतं. लिहिलेली फाइल खरंच काम करायलीय का, हे तपासायचं कसं ते कुणी सांगत नाही. मी लातुरात बसून हेच काम करतो, अजूनही अधूनमधून अडतो, म्हणून जे स्वतः भोगून कळलं तेवढंच लिहितो.

सूचनांची फाइल म्हणजे एजंट्स डॉट एमडी नाहीतर क्लॉड डॉट एमडी, कामाला लागण्याआधी एजंट वाचतो ते नियम. आमचं सॉफ्टवेअर आडत दुकानाचं. सोयाबीन, तूर, हरभरा आला की शेतकऱ्याची पट्टी बनते, हमाली-तोलाई वजा होते, खरेदीदाराला मुदत लागते, मुदत उलटली की व्याज. म्हणजे सगळं तारखांवर, अन् सगळ्या तारखा मोमेंट जेएसवर, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये तारखा हाताळणाऱ्या तयार लायब्ररीवर. मोमेंटच्या टीमनं सप्टेंबर २०२० मध्येच सांगून टाकलं की आता नवीन फीचर नाहीत, नवीन प्रोजेक्टला लक्सन, डेजेएस, डेट-एफएनएस बघा. पण चालू धंद्यातला कोड कुणी असा एका रात्रीत बदलत नाही, मालक त्याचे पैसेही देत नाही. आपलं काम एवढंच, की मोमेंटवरच राहून बग काढायचे.

आता खरा खड्डा ऐका, अन् इथं घाई करू नका. सूचनांच्या फाइलमध्ये लिहिलं होतं, 'ही लायब्ररी जुनी झालीय, काळजीनं काम कर'. एजंटला मुदतीच्या फंक्शनमधला छोटा बग दिला, त्यानं बग काढला अन् जाता जाता ती फाइल डेजेएसवर नेली. टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. आता मोमेंटमध्ये तारखेवर अ‍ॅड मारला की तीच तारीख पुढं सरकते, मूळ ऑब्जेक्टच बदलतं. डेजेएसमध्ये अ‍ॅड नवीन तारीख परत देतो, जुनी जागेवरच राहते. आमच्या कोडमध्ये पंधरा दिवस अ‍ॅड करून उत्तर कशातच ठेवलेलं नव्हतं, खालच्या ओळीत तीच तारीख वापरली होती, मोमेंटमध्ये ते बरोबर चालायचं. डेजेएसवर गेल्यावर एरर नाही, वॉर्निंग नाही, फक्त मुदतीची तारीख अन् पट्टीची तारीख एकच. टेस्ट काय बघायची, तर तारीख दिवस-महिना-वर्ष अशी छापली का एवढंच. पकडलं ते दुकानातल्या मुनीमकाकांनी, ट्रायलच्या पट्टीवर बोट ठेवून म्हणले, 'अहो, आजच माल अन् आजच मुदत कशी काय?'

पण यातून 'टेस्ट कमी होत्या' एवढंच घेऊन जाऊ नका, ते अर्धंच आहे. ती सूचनांची फाइल चांगली आहे असं मी कशावरून धरलं होतं? टेस्ट हिरव्या येत होत्या म्हणून. नंतर फाइल पूर्ण काढून टाकली, तोच टास्क, तेच मॉडेल, तोच प्रॉम्प्ट, तरी टेस्ट हिरव्याच अन् लायब्ररी बदललेलीच. म्हणजे माझी फाइल असून नसून सारखीच होती! शेजारच्या दोन सऱ्यांत एकीला खत अन् एकीला नाही, तेव्हा कुठं खताचा फरक कळतो, तसंच आहे हे. फाइलशिवाय चालवून बघितलं नसेल तर तुम्ही फाइल तपासलेलीच नाही. अन् एकदा चालवून पण निकाल लावू नका, एजंट दर वेळी वेगळं उत्तर देतो, एखाद्या वेळी नशिबानं बरोबर येतं. दोन्ही बाजूंनी सारख्या वेळा चालवा, मग बोला.

टास्क कुठून आणायचे? मनानं रचू नका. तुमच्याच गिटमधले (कोडचा इतिहास ठेवणारं टूल) जुने, खरे सुटलेले बग घ्या, सुटायच्या आधीच्या कमिटवर (तेव्हाच्या कोडच्या नोंदीवर) जा, एजंटला बगचं वर्णन द्या, त्या वेळची टेस्ट लपवून ठेवा अन् शेवटी चालवा. २०२३ मध्ये आलेली एसडब्ल्यूई-बेंच ही एआय मॉडेलची परीक्षा अशीच बनवलीय, १२ पायथन रिपॉझिटरींमधले २,२९४ खरे टास्क. फक्त एक सांभाळा, पुढची कमिट रिपॉझिटरीत राहू देऊ नका, एजंट गिट लॉग बघून उत्तर उचलू शकतो अन् तुम्हाला वाटेल फाइल भारी लिहिलीय.

टेस्टच्या आधी डिफ वाचा, म्हणजे एजंटनं कोणत्या ओळी बदलल्या ते. पॅकेज डॉट जेसन (कोणती लायब्ररी, कोणतं व्हर्जन याची यादी) हललं का, लॉक फाइल (त्या व्हर्जनची पक्की नोंद) हलली का, टेस्टच्या फाइलला हात लागला का, न सांगितलेल्या किती फाइली बदलल्या. हे मी एक्सेलमध्ये टिपतो, दुसरं काही फॅन्सी लागत नाही.

मग सूचनेची एकेक ओळ बदला, एका वेळी एकच. 'काळजीनं कर' या ओळीनं काहीच झालं नाही. 'मोमेंटच्या जागी दुसरी तारखेची लायब्ररी आणू नको, गरज वाटली तर काम थांबवून विचार' या ओळीनं लगेच फरक पडला. नुसतं 'करू नको' लिहिलं की एजंट दुसरी पळवाट काढतो, त्याऐवजी काय करायचं तेही लिहा. मोमेंटमध्ये महिना शून्यापासून मोजतात, मार्च म्हणजे २, आमच्याकडं आर्थिक वर्ष मार्चला संपतं, म्हणून ती ओळही ठेवलीय.

अन् उलटी बाजू पण तपासा. मी घाबरून 'पॅकेज डॉट जेसनला हात लावू नको' असं कडक लिहिलं होतं. पण मोमेंट थांबलेली असली तरी सुरक्षेची दुरुस्ती येते, २०२२ मध्ये २.२९.४ आली, लांबलचक मजकूर तारीख म्हणून दिला की सर्व्हर अडकायचा त्याच्यावर. तसलं नवीन व्हर्जन फाइलनं अडवलं तर ती फाइल नुकसानच करते. म्हणून एक टास्क असा ठेवा जिथं एजंटनं व्हर्जन बदललंच पाहिजे.

गिटहबवरून मोठमोठ्या तयार फाइली उचलू नका, माझं ठाम मत आहे. दुसऱ्याच्या प्रोजेक्टचे नियम तुमच्या एजंटला उगं गोंधळात टाकतात. तसंच जो सिनियर डिफ न उघडता 'टेस्ट पास ना, मर्ज कर' म्हणतो, त्याचा मान ठेवा पण ऐकू नका. मला तारखांचं जेवढं मुनीमकाकांनी शिकवलं तेवढं एकाही कोर्सनं नाही.

कॉलेज छोटं, इंग्रजी कच्चं, म्हणून मागं राहू नका. हे काम चिकाटीचं आहे, पुण्यातल्या पोराला जेवढं येतं तेवढं तुम्हालाही येईल. हातात प्रोजेक्ट नसला तर मोमेंट वापरणारी एखादी जुनी उघडी रिपॉझिटरी घ्या अन् चार-पाच बगवर हेच करून बघा, मुलाखतीत तेच एक्सेल दाखवा. लॅपटॉप साधा असला तरी चालतंय, मॉडेल तिकडं सर्व्हरवर चालतं. फक्त लाइट जाऊन रन मधेच तुटला तर त्याला नापास धरू नका, मोजणीतून काढा अन् परत चालवा.