चार-आठच्या टेबलावर पैसे कुठे गळतात: लिमिट पोकरमधल्या या चुका टाळा

सॅन होजे आणि आसपासच्या मराठी मंडळींपैकी पुष्कळांना पत्त्यांची गोडी घरूनच लागलेली असते. गौरी-गणपतीचं जागरण, दिवाळीच्या सुट्टीतली तीन पत्ती, मामाच्या गावचा मेंढीकोट. मग एखाद्या शुक्रवारी ऑफिसातलं कुणी कार्डरूमला, म्हणजे पैसे लावून पत्ते खेळायच्या क्लबला, घेऊन जातं, चार-आठ लिमिट होल्डेमच्या टेबलावर जागा मिळते, आणि तीन तासांत दोनशे डॉलर संपतात. परतताना गाडीत हिशेब लावायला बसलं तर एकही डाव असा आठवत नाही, ज्यात मोठी रक्कम गेली.

लिमिटमध्ये पैसे असेच जातात. होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन झाकलेली पानं मिळतात, आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच उघडी पडतात: आधी तीन एकदम (फ्लॉप), मग चौथं (टर्न), मग पाचवं (रिव्हर). या सातांतून ज्याची पाच सगळ्यात चांगली, तो जिंकतो. चार-आठ म्हणजे पानं वाटल्यावर आणि फ्लॉपवर चार-चार डॉलरनी बोली, टर्न आणि रिव्हरवर आठ-आठनी. एका फेरीत साधारणपणे एक बेट (पहिली बोली) आणि तीन रेझ (वाढवलेल्या बोली), त्यापुढे नाही. नो-लिमिटसारखं ‘ऑल-इन’ म्हणून सगळं पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे एका डावात कुणी तुम्हाला साफ करत नाही. चार इथे, चार तिथे, आठ आणखी कुठे तरी. समोरच्या रॅकमध्ये एक-एक डॉलरच्या चिप्सच्या वीस-वीसच्या पाच ओळी असतात, आणि त्यातली एक ओळ कधी संपली ते कळतच नाही.

मी बरीच वर्षं शुक्रवारी या टेबलावर बसतोय. नवीन आलेला माणूस जवळजवळ नेहमी सुरुवातीला सैल खेळतो, म्हणजे नको ते हात घेतो, आणि शेवटी घट्ट होतो, म्हणजे ठेवायचे हात टाकतो. पाहिजे ते याच्या अगदी उलट. खालच्या बहुतेक चुका याच एका गोष्टीतून निघतात.

तीन पत्तीची सवय

पण त्याआधी आपल्याकडच्यांची खास चूक. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो. पोकरमध्ये फ्लश, म्हणजे आपला कलर, स्ट्रेटला मारतो. हा कुणाच्या लहरीचा नियम नाही. बावन्न पानांतून तीन पानांचे सिक्वेन्स ७२० होतात आणि कलर १,०९६, म्हणून तिथे सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांत स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश ५,१०८, म्हणून इथे फ्लश दुर्मीळ. तसंच एक्का-दुर्री-तिर्री आपल्या घरात मानाची. इथे एक्का ते पंजी हा सगळ्यात खालचा स्ट्रेट. ‘ब्लाइंड’चा अर्थही वेगळा. पानं न बघता खेळणं नव्हे, तर डीलर बटणाच्या (दर डावाला एक जागा पुढे सरकणाऱ्या खुणेच्या) डावीकडच्या दोघांनी पानं वाटण्याआधीच टाकायचे पैसे, चार-आठमध्ये सहसा दोन आणि चार.

समोरच्यानं स्ट्रेट दाखवला म्हणून बदामाचा फ्लश लागलेला असतानाही एका तरुण मुलानं आपली दोन्ही पानं उलटीच सरकवून दिलेली मी शेजारच्या खुर्चीतून पाहिली आहेत. त्याच्या हातातल्या पानांची कड वर झाली तेव्हा मला ती दिसली. डाव चालू असताना दुसऱ्याच्या हाताबद्दल बोलायचं नसतं, म्हणून मी गप्प राहिलो, आणि सत्तर-ऐंशी डॉलरचा पॉट समोर गेला. त्यावर उपाय सोपा आहे. शेवटी दाखवायची वेळ आली की दोन्ही पानं सरळ करून टेबलावर ठेवा. मग हात वाचायचं काम डीलरचं. पान उघडं असेल तर तुम्ही तोंडानं काहीही म्हणा, पान खरं मानलं जातं. उलटं टाकलेलं पान मात्र गेलं.

“चारच डॉलर तर आहेत”

फ्लॉप बघायला चार डॉलर. कॉफीपेक्षा स्वस्त. म्हणून नव्वी-तिर्री, राजा-पंजी, गुलाम-छक्की, सगळंच खेळलं जातं. डीलरच्या टेबलावर तासाला साधारण तीस डाव होतात. त्यात टाकून द्यायला हवेत असे पाच हात जास्त खेळलात तर तासाला वीस डॉलर नुसते दारातच गेले. आणि गोष्ट चारवर थांबत नाही. राजा-पंजीवर फ्लॉपला राजा येतो, मग चार, आठ, आठ देत तुम्ही शेवटपर्यंत जाता आणि राजा-राणीवाल्यापुढे हरता. खराब हाताची खरी किंमत तो अर्धवट लागल्यावर कळते.

“पण दोन्ही पानं बदामाची होती!” हे दर शुक्रवारी ऐकू येतं. एकाच रंगाची पानं असल्यानं जिंकण्याची शक्यता दोन-तीन टक्क्यांनी वाढते, त्याहून जास्त नाही. फ्लॉपवर थेट फ्लश लागणं शंभरातून एकदाही होत नाही. बदामाचे एक्का-अठ्ठी घ्या, पाचसहा जण आत असतील तर जरूर खेळा. बदामाची नव्वी-तिर्री सोडा.

दोन्ही ब्लाइंडच्या डावीकडच्या पहिल्या तीन जागांवर आणखी घट्ट राहा, कारण तुमच्यामागे सहा ते आठ जण बोलायचे बाकी असतात. बटणावर बसल्यावर थोडं सैल चालतं. पहिल्या महिन्यात नियम एकच ठेवा: दहातले सात-आठ हात टाकायचे. कंटाळा येईल. त्या वेळात कोण काय दाखवतंय ते बघा.

शेवटचे आठ डॉलर वाचवणं

ही चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती शहाणपणासारखी दिसते.

माझाच एक डाव सांगतो. हातात किलवर एक्का आणि बदाम राणी. मी रेझ केलं, दोन्ही ब्लाइंड धरून सहा जण आत: अठ्ठेचाळीस डॉलर. फ्लॉपवर इस्पिक राणी, चौकट नव्वी, इस्पिक चव्वी. मी चार लावले, तिघे आले. टर्नला किलवर दुर्री, मी आठ लावले, दोघे आले. रिव्हरला इस्पिक सत्ती पडली. तिसरं इस्पिक. पहिल्या माणसानं, जो आतापर्यंत नुसता कॉल करत होता, म्हणजे दुसऱ्याची बोली तेवढी भरत होता, पटकन आठ डॉलर पुढे केले. मधल्यानं पानं टाकली. मला फ्लश स्पष्ट दिसत होता. मी एक्का-राणी टाकली, थोडा अभिमानही वाटला. त्यानं पॉट ओढता ओढता शेजाऱ्याला पानं दाखवली: राणी-गुलाम.

रूमचे पैसे वजा करूनही पॉटमध्ये नव्वदच्या वर डॉलर होते. मला द्यायचे होते आठ. म्हणजे बारा-तेरा वेळांत एकदा जरी माझा हात वरचढ ठरला असता तरी कॉल बरोबर होता. इस्पिक पडलं की घाबरवायला, किंवा स्वतःची राणीच मोठी समजून बेट लावणारे लोक तेराव्या वाट्यापेक्षा खूप जास्त असतात. कॉल करून हरलो तर आठ जातात, टाकून चुकलो तर नव्वद.

म्हणून रिव्हरला प्रश्न “मी हरलोय का?” हा नसतो. पॉट किती, द्यायचे किती, आणि इतक्यांदा तरी मी जिंकेन का, हा असतो. मोठ्या पॉटमध्ये एका जोडीवर शेवटचा कॉल करा, हरलेलं बघायची तयारी ठेवून.

याला एक अपवाद आहे. कॅलिफोर्नियात होल्डेमला कायद्यानं वाट मिळाली १९८७ मध्ये, आणि त्या काळापासून लिमिट खेळणारे आजोबा अजून या टेबलांवर भेटतात. तासन्‌तास गप्प, कॉल, कॉल, फोल्ड. असा माणूस टर्नला अचानक रेझ करतो तेव्हा त्याच्याकडे एका जोडीपेक्षा मोठं काही असतंच. तिथे एकदाच नाही, दोनदा आठ द्यावे लागणार असतात, टर्नला आणि रिव्हरला. तिथे एक्का-राणी टाका आणि पुढच्या डावाकडे वळा.

एकाच ड्रॉचे दोन भाव

ड्रॉ म्हणजे अजून पुरा न झालेला, एखादं पान आलं की लागणारा हात. त्यासाठी फ्लॉपवर चार आणि टर्नवर आठ, या दुपटीचा विसर पडतो. समजा हातात दश्शी-नव्वी, फ्लॉपवर राणी-अठ्ठी-तिर्री. मधला गुलाम आला तरच स्ट्रेट. न दिसलेली ४७ पानं, त्यात गुलाम चार: ४३ विरुद्ध ४, म्हणजे पावणेअकरास एक. पॉटमध्ये ४४ डॉलर आणि द्यायचे चार, अकरास एक. कॉल ठीक आहे. टर्नला काही लागलं नाही, तुम्ही दोघंच उरलात, समोरच्यानं आठ लावले. पॉट ५६, भाव सातास एक. तोच गुलाम, तीच चार पानं, पण आता टाकायचं.

फ्लशचा ड्रॉ याहून खूप चांगला: नऊ पानं, फ्लॉपवरून टर्नला लागायचा भाव ४.२ ला एक, रिव्हरपर्यंत धरला तर ३५ टक्के. तो चार-आठमध्ये सोडायची वेळ क्वचितच येते. उलट तिघं-चौघं कॉल करत असतील तर फ्लॉपवर रेझ करा. पाच जणांत तुम्ही पाचवा वाटा घालताय आणि फ्लश लागण्याची शक्यता तिसऱ्या वाट्याहून जास्त आहे. नवखे इथे नुसतं कॉल करतात, कारण “अजून लागलेला नाही.”

घाबरवून कुणी उठत नाही

ऐंशी डॉलरच्या पॉटमध्ये आठ डॉलरचा ब्लफ लावला, तर समोरच्याला अकरास एक भाव मिळतो. तो येणारच, येणं बरोबरच आहे. तीन पत्तीत चाल वाढवत नेऊन माणसाला पॅक करायला लावता येतं. ठरलेल्या बोलीत ते हत्यारच नाही. चौघं आत असताना तर अजिबात नको. याची दुसरी बाजू लोक विसरतात: सगळे कॉल करतात, म्हणून चांगल्या हातावर न कचरता बेट लावा. चांगली जोडी घेऊन रिव्हरला नुसतं चेक करणं (बोली न लावता पुढे जाणं) म्हणजे दर वेळी आठ डॉलर समोर ठेवून येणं.

“माझे एक्के नेहमी फुटतात”

ही तक्रार घेऊन बरेच जण येतात. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. पाच जणांनी कोणतीही पानं घेऊन शेवटपर्यंत साथ दिली तर एक्के साधारण निम्म्या वेळा जिंकतात. आठ जणांसमोर पस्तीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे फुटणं नेहमीचंच आहे. पण सहा जणांनी सारखे पैसे घालायचे आणि निम्मे पॉट तुमचे, याहून चांगला सौदा त्या खोलीत नाही. म्हणून फुटले तरी पुढच्या वेळी पहिलं रेझ सोडू नका. “रेझ करूनही सगळे येतातच, मग कशाला?” असं म्हणून नुसतं कॉल करणं ही महाग चूक आहे.

रूमचा वाटा

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात कार्डरूमला स्वतः डावात उतरता येत नाही आणि पॉटची टक्केवारीही घेता येत नाही. म्हणून दर डावाला ठरलेली रक्कम कापली जाते, तिला ड्रॉप म्हणतात. समजा जॅकपॉटच्या बक्षिसासाठी कापतात तेही धरून पाच डॉलर. तासाला तीस डाव, दीडशे डॉलर. नऊ जणांत वाटले तर डोई सोळा-सतरा. चार-आठमध्ये हा तासाला दोन मोठ्या (टर्न-रिव्हरच्या, आठ-आठच्या) बेट्सचा खर्च झाला, डीलरची टिप वेगळी. म्हणून “शिकायचंय, सगळ्यात लहान टेबलावर बसू” हा विचार फसवा ठरतो. दोन-चारच्या टेबलावर तोच ड्रॉप चार मोठ्या बेट्सएवढा होतो, आणि तो कितीही चांगलं खेळून भरून निघत नाही. बसण्याआधी ड्रॉप किती ते विचारा. टेबलावर चार-पाच जणच उरले तर कमी घेतात का, हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी घेतात.

मराठीत बोलणं

दोन मित्र एकाच टेबलावर असतील तर हे लक्षात ठेवाच. डाव चालू असताना टेबलावर फक्त इंग्रजी, असा नियम इथे जवळपास सगळीकडे आहे. “चहा घेणार का रे?” एवढंच विचारलं तरी डीलर “इंग्लिश ओन्ली प्लीज” म्हणतो, आणि बाकीचे सात जण संशयानं बघतात. त्यांचं चुकत नाही. आपण पानांबद्दलच बोलत नव्हतो हे त्यांना कसं कळणार? तसंच मित्र आहे म्हणून त्याच्याविरुद्ध बेट न लावणं, दोघांनी संगनमतानं चेक-चेक करत जाणं, हा टेबलावरच्या इतरांवर अन्याय आहे. मित्राविरुद्ध आठ लावायला जमत नसेल तर वेगळं टेबल मागा.

आणि रेझ करायचं असेल तर आधी “रेझ” म्हणा, मग चिप्स ठेवा. “हे तुझे चार… आणि हे वर चार” असं दोन हप्त्यांत केलं तर दुसरे चार परत दिले जातात.

एका रात्रीवरून निकाल लावणं

चार-आठमध्ये एका तासाला दहा मोठ्या बेट्स, म्हणजे ऐंशी डॉलर, वर-खाली होणं हा जाणत्या खेळाडूंचा ढोबळ अंदाज. चार तासांत तो चौपट नाही, दुप्पटच, एकशे साठ, कारण बरंचसं वर-खाली एकमेकांत फिटतं. उत्तम खेळूनही दोनशे हरता येतात आणि वाईट खेळून तीनशे जिंकता येतात. म्हणून वही ठेवा: तारीख, किती तास, किती घेऊन बसलात, किती घेऊन उठलात. जिंकलेल्या पैशांवर इथे कर लागतो, त्यालाही हीच नोंद उपयोगी पडते. मी माझ्या वहीत आणखी एक रकाना ठेवलाय: रिव्हरला टाकलेले हात, आणि तेव्हा पॉटमध्ये किती होते. राणी-गुलामच्या त्या रात्रीनंतर तो आखला. महिन्याच्या शेवटी आधी तोच वाचतो.